मॅडिसनमधल्या चौदा खिडक्या

दाभण लाकडात शिरलंच नाही. शहराच्या वारसा जतनाचं काम बघणाऱ्या बाई गुडघ्यावर बसून आमच्या पुढच्या खोलीतल्या खिडकीची खालची पट्टी टोचून बघत होत्या. पावसाचं पाणी सगळ्यात जास्त तिथे मुरतं, म्हणून खिडकी कुजायला लागते ती तिथून. रंगाचे पापुद्रे सुटलेले, काच धरून ठेवणारी लांबी जागोजागी निखळलेली, दोरी तुटलेली. माझ्या लेखी ती खिडकी संपली होती. बाईंनी चार ठिकाणी दाभण दाबलं. तीन ठिकाणी टोकसुद्धा रुतलं नाही, एका कोपऱ्यात पाव इंच गेलं. मग त्यांनी कडेचा रंग नखाएवढा खरवडून मला लाकडाच्या रेषा दाखवल्या. इतक्या दाट, की मोजायला भिंग लागावं.

"हे झाड जंगलात सावकाश वाढलेलं आहे," त्या म्हणाल्या. "असं लाकूड आता तुम्हाला कुठल्या वखारीत मिळायचं नाही."

माझ्या हातात तेव्हा अर्ज होता. घराच्या चौदाही खिडक्या काढून व्हायनिलच्या, म्हणजे प्लास्टिकच्या, बसवण्याचा.

हे गाव म्हणजे इंडियाना राज्यातलं मॅडिसन. पुढे ओहायो नदी, मागे डोंगराची भिंत, मधल्या सपाट पट्टीत जुनं गाव वसलेलं. पूल ओलांडला की केंटकी. मी नोकरीला कोलंबसला जाते, स्टेट रोड ७ ने साधारण तासाभराचा रस्ता. कमिन्स या इंजिनांच्या कंपनीमुळे कोलंबसमध्ये पुण्याची माणसं बरीच. गणपतीच्या आरतीला जमलो की निम्म्या गप्पा कोथरूडच्या असतात. कोलंबसचं नाव आहे ते आधुनिक वास्तुकलेसाठी, सारिनेन बापलेकांनी बांधलेल्या चर्चसाठी. तिथली चांगली नवी घरं सोडून मी मॅडिसनला १८५० च्या सुमाराचं विटांचं घर का घेतलं, हे मला सगळ्यांनी विचारलं. आईने तर फोनवर तीनदा विचारलं.

खरं कारण सांगते. पहिल्यांदा डोंगरावरून उतरून गावात आले तेव्हा मला वाई आठवली. नदी, नदीकडे उतरत जाणाऱ्या गल्ल्या, एकमेकींना खांदा लावून उभी असलेली घरं. आमचा वाडा वाईला गंगापुरीत होता. मी नववीत असताना तो पाडला. चार दिवसांत सगळं झालं. तुळया, खांब, कोरीव ब्रॅकेटं ट्रकमध्ये भरून गेली आणि कुणी कुणाला काही विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती. बाबांनी दिंडीदरवाजाची एक कडी तेवढी काढून आणली, ती त्यांनी कपाटात जपून ठेवली. तर मॅडिसनमध्ये घर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारणीने सांगितलं, की इथे घराची बाहेरची बाजू बदलायची तर शहराच्या मंडळाला विचारावं लागतं. ऐकून लोक वैतागतात म्हणे. मला पोटात काहीतरी हललं.

गाव जुनं राहिलं कसं, ते समजून घ्यायला मला वर्ष लागलं. १८०९ मध्ये गाव वसलं. वाफेच्या बोटींच्या काळात नदीवरून येणारा बराच माल इथे उतरायचा. इंडियाना राज्यातली पहिली रेल्वे इथूनच निघाली. १८३६ मध्ये काम सुरू झालं आणि १८४७ मध्ये रूळ इंडियानापोलिसला पोचले. गाव डोंगराच्या पायथ्याशी, त्यामुळे गाडी वर चढवायला आयरिश मजुरांनी खडक फोडून चढाची वाट काढली. शंभर फूट पुढे गेलं की जवळजवळ सहा फूट वर. तो खोदलेला घाट अजून आहे, मी पाहून आले. दोन्ही बाजूंना ओला काळपट खडक, मध्ये माणसाने केलेली फट. आपल्या बोरघाटाची आठवण झाली, तिथेही असाच मजुरांनी डोंगर कापला होता.

त्या भरभराटीच्या वीसेक वर्षांत हे गाव बांधलं गेलं. फ्रान्सिस कॉस्टिगन हा वास्तुकार १८३७ मध्ये इथे आला. जेम्स लॅनियर या बँकरसाठी त्याने नदीकडे तोंड करून जो प्रासाद बांधला, तो १८४४ मध्ये पुरा झाला. उंच खांबांची ओसरी आणि आत मधल्या आधाराशिवाय वर वळत गेलेला जिना. यादवी युद्धात राज्याकडे सैन्यासाठी पैसा नव्हता तेव्हा याच लॅनियरने राज्याला लाखो डॉलर उसने दिले. पुढे दुसऱ्या शहरांकडून दुसऱ्या रेल्वे निघाल्या, व्यापार तिकडे गेला आणि मॅडिसन मागे पडलं. नवं बांधायला पैसे नव्हते, म्हणून जुनं पाडलं गेलं नाही. गावातल्या माणसांनी १९६० मध्ये हिस्टॉरिक मॅडिसन ही संस्था काढली, १९७३ मध्ये १३३ ब्लॉकचा भाग ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत गेला, १९७७ मध्ये छोट्या गावांच्या बाजारपेठा वाचवण्याच्या प्रयोगासाठी सबंध देशातून जी तीन गावं निवडली त्यात मॅडिसन होतं आणि २००६ मध्ये हा सगळा परिसर राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. लोक प्रासाद बघायला येतात. मला मात्र जीव लावतात त्या मागच्या गल्ल्या. पुढे अंगण नाही, दार उघडलं की फुटपाथ, दोन पायऱ्या, भाजक्या विटा, इथल्याच ओतशाळांत ओतलेले लोखंडी कठडे. कामगारांची, कुंभारांची, खोगिरांचे लाकडी सांगाडे बनवणाऱ्यांची घरं. माझं घर त्यातलंच एक.

तरीही मी अर्जावर व्हायनिल लिहिलं होतं, कारण पहिला हिवाळा आम्ही थंडीत काढला. खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा, मुलगी स्वेटर घालून झोपायची. एका कंपनीचा माणूस घरी आला, टेबलावर नमुने मांडले आणि जुन्या खिडक्या दुरुस्त होतच नाहीत असं ठासून सांगून गेला. मी विश्वास ठेवला. मी स्वतः इंजिनियर, पण त्याला एकही उलट प्रश्न विचारला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दाभण घेऊन आलेल्या बाईंनी मला तो प्रश्न शिकवला. त्या म्हणाल्या, जुनी खिडकी सुट्ट्या भागांची असते. पट्टी कुजली तर पट्टी बदला, काच फुटली तर काच, दोरी तुटली तर दोरी. नव्या खिडकीत दोन काचांमधली हवाबंद कड सुटली की मध्ये धुकं साचतं आणि बहुतेकदा सगळी चौकटच फेकावी लागते. बाहेरून एक साधी जादा काचेची खिडकी बसवली तर जुनी खिडकीही थंडी चांगली अडवते. नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या जतनाबद्दलच्या पुस्तिका फुकट मिळतात, त्यातल्या लाकडी खिडक्यांच्या आणि विटांमधल्या फटी, म्हणजे दरजा, भरण्याच्या अशा दोन त्या मला देऊन गेल्या. मी त्या रात्री दोन्ही वाचून काढल्या आणि सकाळी अर्जातलं 'बदलणे' खोडून 'दुरुस्ती' लिहिलं.

अर्जासाठी प्रत्येक खिडकीचा आतून आणि बाहेरून फोटो काढला, मापं लिहिली, जादा खिडकीच्या चौकटीचं चित्र जोडलं. मिळतं ते सर्टिफिकेट ऑफ अप्रोप्रिएटनेस, म्हणजे हा बदल घराला आणि गल्लीला शोभतो असा दाखला. दारावर सुनावणीची पाटी लागली. संध्याकाळी सभा. माझा नंबर तिसरा होता, बोलून झालं ते दहा मिनिटांत. मंडळावरच्या एका गृहस्थांनी विचारलं, बाहेरच्या जादा खिडकीची आडवी पट्टी आतल्या खिडकीच्या पट्टीच्या बरोबर रेषेत येणार ना? मी चित्र दाखवलं. ते समाधानाने हसले. एवढ्या बारीक गोष्टीसाठी पाच माणसं दिवसभराचं काम आटपून तिथे बसली होती. मला गंगापुरीतला ट्रक आठवला आणि घसा दाटून आला.

आता कामाचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारे सुतार राहतात, जुन्या खिडक्यांचं काम करणारे. त्यांनी अट घातली, की पहिल्या दोन खिडक्या ते माझ्यासमोर करतील आणि बाकीच्या मी करायच्या. पहिला धडा शिशाचा. अमेरिकेत घरांच्या रंगातलं शिसं १९७८ मध्ये बंद झालं, म्हणजे आमच्या खिडक्यांवरच्या जवळपास सगळ्या थरांत शिसं असणार. त्यांनी तपासणीची काडी घासली आणि ती लाल झाली. त्या दिवसापासून मुलीला त्या खोलीत मज्जाव. जमिनीवर प्लास्टिक, तोंडावर मास्क, रंग खरवडायचा तो पाणी मारून ओलाच. दुसरा धडा विस्तवाचा. मी म्हटलं, रंग ज्योतीने पटकन निघेल. त्यांनी काही न बोलता मला बाहेर नेलं आणि कोर्टाच्या घुमटाकडे बोट दाखवलं. १८५५ चं हे जेफरसन काउंटीचं कोर्ट, मे २००९ मध्ये दुरुस्ती चालू असताना छताजवळ धातूला डाग देताना आग लागली आणि घुमट, छत जळून गेलं. पुढे लोकांनी ते परत उभं केलं. "त्या रात्री आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली ज्योत चालायची नाही."

म्हणून आम्ही वाफ वापरली. प्लायवूडचं खोकं, त्याला वाफेच्या यंत्राची नळी. सरकणारी चौकट, जिला इथे सॅश म्हणतात, ती तासभर आत ठेवली की दगडासारखी झालेली लांबी लोण्यासारखी मऊ होते. पण आधी सॅश चौकटीबाहेर काढायची. आतल्या बाजूची लाकडी पट्टी रुंद पटाशीने अलगद उचकायची, खालची सॅश पुढे ओढायची, दोरीची गाठ सोडायची. बाजूच्या उभ्या चौकटीत एक झाकण असतं, एका स्क्रूवर बसलेलं. रंगाच्या थरांखाली ते दिसतच नव्हतं. सुतारांनी बोटाच्या टोकाने भिंतीवरची रेघ शोधली, सुरीने रंग कापला, झाकण उघडलं. आत हात घालायला सांगितला. हाताला गार, खडबडीत, लांबट लोखंड लागलं. ओतीव वजन. सॅशच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक, दोन्ही मिळून सॅशच्या भाराइतकी. वर चाक, चाकावरून सुती दोरी. आडाच्या रहाटाचं तत्त्व. दोरी तुटली म्हणून वजनं तळाशी पडून होती आणि पूर्वीच्या कुणी खिडकी उघडी ठेवायला काठी लावली होती.

काचा काढताना माझे हात थरथरत होते. त्या काळी काच फुंकून लांब नळकांडं करायचे, ते चिरून तापवून सपाट करायचे. म्हणून तिच्यात लाटा असतात. खिडकीसमोरून चालत गेलं की समोरच्या घराच्या विटा पाण्यातल्यासारख्या हलतात. बारा तावदानांतली दोन तडकली होती. सुतारांनी त्यांच्या शेडमधून जुन्या काचेचे तुकडे आणले, उजेडाला धरून लाटांचा मेळ बसतो का पाहिलं, मगच कापले. कुजलेला कोपरा पटाशीने चौरस कापून तिथे जुन्या पाइनचा तुकडा बसवला, रेषांची दिशा जुळवून. रंधा मारल्यावर जोड फक्त मला ठाऊक म्हणून दिसत होता.

मग लांबी. जवसाचं तेल आणि खडूची पूड, दुसरं काही नाही. आधी लाकडाच्या खाचेला तेल पाजायचं, नाहीतर कोरडं लाकूड लांबीतलं तेल पिऊन टाकतं आणि लांबी तडकते. पातळ थर, त्यावर काच दाबायची, पत्र्याचे बारीक त्रिकोण ठोकून ती पक्की करायची, मग वरून लांबी भरून एका सुरीत तिरकी कड ओढायची. हात मध्ये थांबला की कड मोडली. माझी पहिली कड अकराव्या वेळी आली. शेवटी रंग, पण लांबीवर साय धरल्यावरच, आणि तो काचेवर केसभर चढवायचा, म्हणजे पाणी आत जायला वाट राहत नाही.

पहिली खिडकी परत बसवली त्या संध्याकाळी सुतारांनी मुलीला बोलावलं. तिने एका बोटाने सॅश वर ढकलली. वर गेली आणि जिथे सोडली तिथे थांबली. भिंतीच्या आत वजनं हळूच खाली गेल्याचा आवाज आला.

जूनमध्ये आईबाबा आले. बाबांनी घराला एक चक्कर मारली आणि पुढच्या भिंतीपाशी थांबले. "अगं, या विटांना काय झालंय?" बऱ्याच विटांचे पुढचे पापुद्रे उडाले होते, आतली पिठूळ तांबडी माती दिसत होती. पूर्वी कधीतरी कुणीतरी दरजा सिमेंटने भरल्या होत्या. जुनी हातवीट मऊ, सिमेंट कडक. भिंतीतलं पाणी पूर्वी चुन्याच्या दरजेतून बाहेर पडायचं, आता ते विटेतून वाट काढतं, थंडीत गोठतं, फुगतं आणि विटेचं तोंड उडवतं. गवंडी हे मला सांगत होता तेव्हा बाबा नुसते मान हलवत होते. भाषा कळत नव्हती असं नाही, त्यांना ते आधीच माहीत होतं.

सिमेंट यंत्राने कापायचं नाही, विटेच्या कडा जातात. बारीक छिन्नी आणि हातोडी, दरजेच्या रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल. दिवसाला हाताच्या लांबीएवढा तुकडा व्हायचा. गवंड्याने मुरवलेल्या चुन्याची बादली उघडली तेव्हा बाबा पुढे झाले. चिमूटभर चुना अंगठा आणि बोटात घेऊन चोळला, जवळ नेऊन हुंगला. "घाणीचा नाही, पण चांगला मुरलाय," म्हणाले. मग मला दुभाषी करून त्यांनी गवंड्याला चुन्याची घाणी समजावली. गोल चर, त्यात दगडी चाक, चाकाला बैल, चुना आणि वाळू आणि विटांची सुरखी दळत राहायची, कुणी गुळाचं पाणी घालायचं, कुणी हिरड्याचं. त्यांच्या आजोबांनी वाड्याची ओसरी दुरुस्त केली तेव्हा बाबा बैलामागे फिरले होते. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. गवंडी सगळं काम थांबवून ऐकत होता. शेवटी त्याने खडूने फुटपाथवर घाणीचं चित्र काढलं आणि बाबांनी चाक कुठे असतं ते दुरुस्त करून दिलं.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश दगड होतो, पण त्यासाठी तो ओलसर राहावा लागतो. भरलेल्या भागावर गोणपाट टांगायचे आणि ते भिजवत राहायचे. हे काम बाबांनी आपण होऊन घेतलं. सकाळी चहाआधी, दुपारी जेवणानंतर, संध्याकाळी ऊन उतरल्यावर, फवाऱ्याची बाटली घेऊन ते भिंतीसमोर उभे. रस्त्याने जाणारे लोक थांबून बोलायचे. आठवड्याभरात अर्ध्या गल्लीला ते नावाने ओळखत होते, आणि आईला त्यांना जेवायला घरात बोलवायला बाहेर जावं लागायचं.

सप्टेंबरअखेर ते परत गेले. निघायच्या दिवशी बाबांनी कपाटातली कडी बॅगेतून काढून माझ्या हातात ठेवली. ती त्यांनी येतानाच आणली होती, तीन महिने काही बोलले नव्हते. मी ती मागच्या दाराच्या आतल्या बाजूला बसवली. बाहेरून दिसत नाही, त्यामुळे अर्ज लागला नाही.

भिंतीचा वरचा तिसरा हिस्सा राहिला. रात्री पारा चाळीस फॅरनहाइटच्या खाली जायला लागला की चुन्याचं काम थांबवायचं, ते वसंतापर्यंत. खिडक्यांचं काम मात्र घरात चालू आहे. दहा झाल्या, अकरावी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आडवी आहे. बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, लांबीवर साय धरली का. आत्ताच करंगळीने हलकं दाबून पाहिलं. ठसा उमटला. अजून चार दिवस.